एस्तेर मावशीच्या वहीतली चाल

भूत, चमत्कार, अंगात येणं... असलं कोणी सांगायला लागलं की मी चहाचा कप घेऊन बाजूला सरकणारा माणूस. धंद्यानं इलेक्ट्रिशियन. दिवा आपोआप लागला तर कुठेतरी वायर सैल आहे, एवढंच माझं तत्त्वज्ञान. त्यामुळे पुढचं वाचून हसलात तरी मला राग नाही.

मी विलास. रायपूरला उरला औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये नोकरी, सुट्टीच्या दिवशी किरकोळ दुरुस्त्या. वाढलो विदर्भातल्या एका अनाथाश्रमात. दीड-दोन वर्षांचा असताना कोणीतरी तिथं सोडून गेलं. आडनाव वॉर्डन सरांनी स्वतःचंच दिलं. रायपूरच्या मराठी मंडळींत गेलो की "तुम्ही कोणाकडचे?" हा प्रश्न हमखास येणार. शेवटी मी जाणंच सोडलं.

एक सवय मात्र लहानपणापासून. काम करताना एक चाल गुणगुणतो. शब्द नाहीत, नुसती चाल. कुठं ऐकली, माहीत नाही. मिलमधले पोट्टे म्हणायचे, "विलास भैया का रिंगटोन चालू हो गया!"

दोनेक वर्षं झाली. शनिवार, भर दुपार. तात्यापारा मोहल्ल्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर ख्रिस्ती लोकांची छोटी मंडळी जमते. तिथला अ‍ॅम्प्लिफायर घूं घूं करत होता म्हणून मला बोलावलेलं. पास्टर छत्तीसगढी, बोलणं सगळं हिंदीत. कोपऱ्यात पासष्टीच्या एक बाई रविवारच्या जेवणाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळे एस्तेर मावशी म्हणत. मी चटईवर बसून सोल्डरिंग करत होतो — आणि अर्थातच गुणगुणत होतो.

सूप धाडकन खाली पडलं. तांदूळ सगळीकडे.

"हे... हे तुले कोणं शिकवलं?"

मला वाटलं, प्रार्थनेच्या जागी गुणगुणलो म्हणून रागावल्या. "सॉरी मावशी, सवय हाय."

"थांबू नको ना! पुढं म्हण. मले पुढचंच आठवत नाही!"

मी पुढचं म्हटलं. तोवर त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. त्यांचे यजमान रेल्वेत होते. नऊ वर्षांपूर्वी वारले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी एक गाणं रचलं, मावशींना दोनदा म्हणून दाखवलं. शब्द मावशींनी लिहून घेतले, चाल अर्धी विसरल्या. "घरी गेल्यावर मंडळीले शिकवीन म्हणे. घरी आलेच नाहीत."

मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. मी गुणगुणत गेलो, त्या शब्द म्हणत गेल्या.

कोणाचा तू, मी ना पुसे
ये लेकरा, ताट वाढले
माझ्या घरचा तू...

अक्षर न अक्षर बसलं. माझ्या हातातली सोल्डरिंग गन कधी खाली टेकली कळलं नाही. चटईला भोक पडलं. पास्टर भोकाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी डोकं चालवलं. मावशींच्या यजमानांकडूनच कुठेतरी ऐकलं असेल! मावशींसमोरच राजूला फोन लावला, स्पीकरवर. राजू माझा आयटीआयचा रूममेट, पंधरा वर्षांपूर्वीचा. "राजू, मी होस्टेलवर काय गुणगुणत होतो बे?"

तो हसला आणि सरळ तीच चाल म्हणाला. "तुह्या त्या गाण्यानं मले झोप येत नव्हती! काहून विचारून राहिला?"

मावशी म्हणाल्या, "पंधरा वर्ष? तवा तर हे गाणं नव्हतंच."

"चाल जुनी असेल त्यांची..."

"हव? तीस वर्षांच्या संसारात त्या दोन वेळा सोडून त्या माणसानं कधी काही गायलं नाही रे बापा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. खरं सांगतो, जेवायला गेलो. मग पुढच्या रविवारीही. हळूहळू बायबल वाचायला लागलो. देव आपला बाप आहे, हे आश्रमातही कधी ऐकलं असेल. पण बापाचा चेहराच ठाऊक नाही त्याला ते कितीसं पोचणार? एकदा प्रार्थना करताना तोंडून "बाबा" निघालं... आयुष्यात पहिल्यांदा. बसल्या जागी रडलो. मग इतकं हलकं वाटलं की मावशींच्या हातचे सहा चीले, म्हणजे तांदळाचे घावन, खाल्ले.

मागच्या हिवाळ्यात बाप्तिस्मा घेतला. पाण्यातून वर आलो. पास्टरनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "परिवार से कौन आए हैं?" मी "कोई नहीं" म्हणणार, तेवढ्यात मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला... वळून बघतो तर सगळेच उभे! सगळ्यांत पुढे मावशी, टॉवेल घेऊन. "डोकं पूस आधी. सर्दी होईन."

चाल माझ्यापाशी कुठून आली, याचं उत्तर आजही नाही. पास्टर नुसते हसतात, राजूला मी थापा मारतोय असं वाटतं. वाचकांत कोणी जाणकार असेल तर जरूर सांगा. मावशींनी मात्र बजावून ठेवलंय — उत्तर सापडो न सापडो, रविवारच्या जेवणाचे तांदूळ निवडायला शनिवारी वेळेवर यायचं.