पोटातले आकडे

काल शहरालगतच्या जांबे गावातल्या आमच्या फ्लॅटवर पाहुणे आले. त्यांच्या गाडीचा नंबर पाहून लेक ओरडली, "१५३०! तीस गुणिले एक्कावन्न. पोटातलेच आकडे वापरून तीच संख्या!"

मी मनानं थेट माहेरी, कोळवणच्या आमच्या ओट्यावर पोचले. मला बघायला आलेली जीप, पोह्यांवरच्या ओल्या खोबऱ्याचा वास. "छंद काय?" कुणीतरी विचारलं. मी जीपच्या नंबराकडे बोट दाखवलं. "१२६०. एकवीस गुणिले साठ. तेच आकडे." पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वडील घाईनं हसले, "चेष्टा करतीया ओ ती. भरतकाम लई चांगलं करती."

मला साधी सुई धरता येत नव्हती. लाजेनं कान तापले. त्या हसण्याचा राग मी वर्षानुवर्षं धरला.

काल पाहुण्यांनी तसंच एकमेकांकडे पाहिलं, आणि मी घाईनं हसले, "गंमत करते हो ती. डान्स छान करते."

लेकीचे कान लाल झाले.