शेकड्यावर पाच मोहरा

"मॅडम, माह्या खात्याले कुलूप कोणं लावलं?"

शोभाकाकू दार न वाजवता केबिनमध्ये शिरल्या तेव्हा मी नुकती गाडीतून उतरून टेबलाशी टेकत होते. मी अमरावतीची, माझी बँकेची ब्रँच अकोल्याची, बडनेऱ्याहून रोजचं अप-डाऊन. पहिला चहा होईपर्यंत माझ्याशी कुणी बोलू नये, असा ब्रँचमध्ये अलिखित नियम आहे. काकूंना तो लागू नाही. आमच्या अर्ध्या लेडीज स्टाफची ब्लाऊजं त्या शिवतात, आणि शिवणाऱ्या बाईशी कुणी वाकडं घेत नाही.

"बसा. काय झालं?"

"पैसे जाऊनच नाई राहिले. शनिवारी बाराच्या आत गाळ्याचं डिपॉझिट द्याचं हाये. नाई देल्लं तं मालक गाळा मोबाईलवाल्याले देते."

हा गाळा मला पाठ होता. ट्रायलला गेलं की काकू आधी गाळ्याचं सांगायच्या, मग टाचण्या लावायच्या. लग्न झाल्यापासून त्यांची मशीन घराच्या पुढच्या खोलीत. पाहुणे आले की मशीन उचलून मोरीजवळ न्यायची. पाहुणे गेले की परत आणायची. त्यांना एक जागा हवी होती जिथून मशीन कुणी हलवणार नाही, आणि वर पाटीवर नवऱ्याचं नाही, त्यांचं नाव.

मी स्क्रीन उघडला. खात्यावर 'डेबिट फ्रीझ' होता. म्हणजे पैसे आत येतील, बाहेर जाणार नाहीत. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार झाली की सायबर पोलीस बँकेला कळवतात आणि ज्या खात्यात पैसे गेले ते गोठतं. तक्रार आठशे रुपयांची होती. गोठलं होतं अख्खं खातं, डिपॉझिटसकट.

मी व्यवहार वर-खाली करून पाहिले आणि माझा चहा राहून गेला. गुवाहाटी, जयपूर, कोची, दिल्ली. रोज नवी नावं, सगळे अनोळखी, सगळे छोटे-छोटे आकडे. बँकेच्या भाषेत हे 'म्यूल अकाउंट'चं, म्हणजे खेचर-खात्याचं लक्षण. चोर स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाही, कुणा साध्या माणसाचं खातं भाड्यानं घेतो. साधा माणूस बोजा वाहतो आणि सापडतोही तोच.

तेवढ्यात रीजनल ऑफिसच्या साहेबांचा फोन आलाच.

"मॅडम, तुमच्या ब्रँचचं ते खातं पाहिलं का? सरळ म्यूल आहे. रिपोर्ट पाठवा."

"सर, ती बाई ब्लाऊज शिवते. मी ओळखते."

"गुवाहाटीहून कोण अकोल्यात ब्लाऊज शिवून घेतं?"

संध्याकाळपर्यंत कळवते म्हणून फोन ठेवला आणि काकूंकडे वळले. "खरं सांगा. खातं कोणाला वापरायला दिलं?"

"कोणालेच नाई. मी मोहरा विकतो ना जी."

"कसल्या मोहरा?"

"गेममंधल्या."

पुढचा अर्धा तास काकूंनी मला शिकवलं आणि मी शिकले, कारण दुसरा इलाज नव्हता. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला. त्यात एक ऑनलाइन गेम होता. एक राज्य, त्यात बाजार, जंगल, तळं. घोडा, चिलखत, तलवार काहीही घ्यायचं तर मोहरा लागतात. मोहरा मिळवायच्या तर तळ्याकाठी बसून मासे पकडा, बाजारात विका, परत तळ्यावर या. तासन्‌तास तेच ते. खेळणारे याला 'ग्राइंडिंग' म्हणतात, म्हणजे आपलं दळण. मोठ्या शहरातल्या पोरांकडे पगार असतो, दळणाला वेळ नसतो. म्हणून ते खरे रुपये मोजून दुसऱ्यानं दळलेल्या मोहरा घेतात. गिऱ्हाईक मोबाईलच्या ग्रुपवर मिळतं, रुपये खात्यात येतात आणि मोहरा गेममध्ये हातात दिल्या जातात.

"आज गुरुवार. तुमचा उपास. आणि मासे पकडता?"

"विकाचेच हायेत, खाचे थोडी हायेत."

"कंटाळा नाही येत?"

"मॅडम, आयुष्यभर हुक-काजं केले म्या. मले कंटाया काय सांगता? इथं तं मानही दुखत नाई."

गेम कंपन्यांच्या नियमात असा धंदा बसत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण खातं भाड्यानं दिलेलं नाही, एवढं कळलं. मग तक्रार कुणी आणि कशाला केली? आठशे रुपये पाठवणारा दिल्लीकडचा एक पोरगा होता. काकूंनी नाव पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हा? अव माय, याले तं म्या वरून जास्त देल्ले."

त्यांनी चॅट दाखवलं. पोरानं लाख मोहरा मागितल्या होत्या. काकूंनी एक लाख पाच हजार दिल्या. त्यानं विचारलं, 'आंटी एक्स्ट्रा क्यों?' काकूंनी लिहिलं, 'रख लो बेटा, हमारे यहाँ ऐसाच है.' त्यानंतर पोरानं त्यांना ब्लॉक केलं होतं.

"पण जास्त दिल्या कशाला?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं असावं की पाणी कशाला पितात. त्यांचं माहेर वरूडकडचं. वडिलांची संत्र्याची बाग. त्या घरात फळ मोजून दिलं की शेकड्यामागं पाच फळं वरून टाकायची, न मागता. एखादं नासकं निघालं, मोजताना चुकलं, तर घेणाऱ्याचा तळतळाट नको. त्याला ते नुसतं 'वरचं' म्हणत.

"काकू, मोहर नासते का?"

"नासत नाई. पण माहा हातच उचलते, मी काय करू?"

चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन मी तक्रार ज्यांच्याकडे होती त्या इन्स्पेक्टरसाहेबांना फोन लावला. दुसरं राज्य, दुसरी भाषा, पण आवाजावरून माणूस बरा वाटला.

"मैडम, ऐसे सौ केस पड़े हैं. पैसा ले लिया, माल कम दिया."

"सर, कम नहीं. ज़्यादा दिया है."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी सावकाश वाचलं. "'विक्रेता ने माँगे से अधिक सिक्के भेजे. कारण पूछने पर टाल दिया. प्रार्थी को किसी बड़े षड्यंत्र का संदेह है.'" मग कागद खाली ठेवला. "मैडम, ज़्यादा देने पर कौनसी धारा लगाऊँ?"

"वही तो मैं पूछ रही हूँ."

ते हसले, पण नियम हसत नाही. म्हणाले, पोरानं तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं की लगेच रिलीजचा मेल पाठवतो. नाहीतर चौकशीची लाइन आहे, तिला महिनाही लागेल. आता गाळा त्या पोराच्या हातात होता, आणि पोरानं काकूंना फोनवर, ग्रुपवर, सगळीकडे ब्लॉक केलेलं.

"गेममंधी नसन केलं," काकू म्हणाल्या. "सुट्टी झाल्यावर तो रोज बाजारात येते."

शुक्रवारी काम आटोपून मी काकूंच्या घरी गेले. बँकेच्या मॅनेजरनं तक्रारदाराला गाठणं बरं दिसत नाही. म्हणून मी तिथं ब्लाऊजच्या ट्रायलला गेले होते, अशी माझी आजही भूमिका आहे. समोर कॉम्प्युटर, बाजूला मशीन, कूलरचा घरघराट. काकूंचा गेममधला माणूस म्हणजे दाढीवाला धिप्पाड कोळी. तो बाजारात फिरू लागला आणि घोड्यावर बसलेला एक चिलखतवाला, म्हणजे तोच पोरगा, दिसताच त्याच्या मागं धावला. चिलखतवाला पळाला. काकू गल्लीबोळातून पाठलाग करत होत्या आणि तोंडानं, "थांब ना रे बावा, थांब," चाललं होतं. शेवटी तो पुलावर अडकला. पुढं बैलगाडी आडवी होती.

तिथं माइकवर बोलता येतं. पोरगा घाबरलेला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. मित्रानं सांगितलं होतं की आधी फुकट देतात, मग लुटतात. "आप एक्स्ट्रा वाले वापस ले लो, मैं कंप्लेंट वापस ले लूँगा."

मी म्हटलं, झालं, सुटलो. आणि काकू म्हणाल्या, "नाई."

"काय नाई?"

"वरचं देल्लेलं वापस घेत नाईत. माह्या बापानं कधी घेतलं नाई."

माझं डोकंच फिरलं. "काकू, उद्या बाराला गाळा जातो. तुम्हाला गाळा पाहिजे की पाच हजार खोट्या मोहरांची इज्जत पाहिजे?"

"दोनी पाह्यजे," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हात छातीशी घट्ट बांधलेले. मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं बरंही वाटलं, की काय करावं कळेना. मी माइक ओढून घेतला.

"बेटा, तुम्हारे यहाँ सब्ज़ीवाला धनिया मुफ़्त देता है कि नहीं?"

"मैं तो ऐप से मँगाता हूँ. ऐप धनिये के भी पैसे लेता है."

आता या पोराला कसं समजवायचं? तेवढ्यात पोराच्या मागून एका बाईचा आवाज आला. कोण आहे, काय चाललंय, धनिया कशाचा? पोरानं आईला सगळं सांगितलं. मग त्या माउलीनं त्याला जे झापलं, ते आम्ही दोघींनी अगदी तृप्त मनानं ऐकलं. 'ऊपर से दिया' म्हणून पोलिसात जाणारा मुलगा आपल्या पोटी आला, याचं तिला फार वाईट वाटलं होतं. काकू डोळे पुसत माइकमध्ये म्हणाल्या, "मारू नका हो दीदी, बच्चा है." बच्चा नोकरी करत होता, पण असो.

शनिवारी सकाळी माझी गाडी उशिरा. ब्रँचला पोचले तर काकू पायरीवर बसलेल्या. अकरा वाजून गेले तरी मेल नाही. काकू काउंटरसमोर बसून पदराचं टोक पिळत होत्या, आणि कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे दर मिनिटाला माझ्या काचेकडे पाहत होते. साडेअकराच्या सुमारास रिलीजचा मेल पडला. मी रीजनल ऑफिसला फोन लावला.

"फ्रीझ काढा सर. मेल आलाय."

"कारण काय लिहू?"

"लिहा, माल जास्त दिला म्हणून तक्रार झाली होती."

"मॅडम, हे असं लिहिता येत नाही."

"मग गैरसमज लिहा. पण आत्ता लिहा."

बाराला थोडा वेळ असताना डिपॉझिट गेलं. काकूंनी मालकाला फोन केला, "पाहून घ्या," एवढंच म्हणाल्या आणि मग तिथंच खुर्चीत बसून रडल्या. आमच्या कॅशियरबाईही रडल्या. त्यांचं ब्लाऊज काकूंकडे अडकलेलं होतं, म्हणूनही असेल.

त्या गडबडीत गेम कंपनीला सुगावा लागला आणि काकूंचा दाढीवाला कोळी कायमचा बंद झाला. मीही सांगितलं, अनोळखी लोकांचे पैसे बचत खात्यात घेणं सोडा, आता दुकानाचं करंट खातं उघडा. काकूंना कोळ्याचं दोन दिवस वाईट वाटलं. मग पाटी रंगवायला टाकली.

गाळा सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी त्या केबिनमध्ये आल्या. दार न वाजवताच. हातात कुरिअरचं पाकीट. पोराच्या आईनं दिल्लीहून ब्लाऊजपीस पाठवला होता, सोबत मापाचं जुनं ब्लाऊज. मी लगेच रीजनल ऑफिसला फोन केला. म्हटलं, "सर, गुवाहाटी नाही, पण दिल्ली आलीय." त्यांना काही कळलं नाही.

आमच्याकडे नवीन अधिकारी ट्रेनिंगला येतात. त्यांना मी एवढंच सांगते. संशय आला की रिपोर्ट जरूर करा, पण आधी समोरच्याला खुर्ची द्या आणि विचारा. आणि हेही सांगते, की कमी मिळालं तर माणूस एक वेळ गप्प बसतो, जास्त मिळालं की त्याला झोप लागत नाही.

त्या दिवशी काकू मात्र अजून उभ्याच होत्या. मोबाईल माझ्यापुढं धरून. चेहरा गंभीर.

"काय झालं आता?"

"पाहा ना जी. शिलाई सांगतली त्याच्याहून त्या बाईनं पन्नास रुपये जास्त टाकले. म्या विचारलं काहून, तं म्हणते, रख लो दीदी." त्या खुर्चीत बसल्या. "करू काय कम्प्लेंट?"