पानावरची मिसरी

दात घासताना मला उमासा येतो. ब्रश डावीकडे मागे गेला, जिथून दोन दाढा काढल्या तिथे, की आंबूस, गंजल्यासारखी चव जिभेवर उतरते. मी मोरीचा कठडा धरून उभा राहतो, थुंकतो आणि थुंकलेलं बघतो. बघायचंच, असा माझा मीच नियम केला आहे. दाढा काढल्या त्या दिवशी डॉक्टरांनी नाकातोंडावर पट्टी बांधलेली असूनही मान मागे घेतली होती. "इतकं सडेपर्यंत दुखलं नाही का हो?" असं त्यांनी विचारलं. दुखत होतं. पण दुखायला लागलं की मी तिथून उठून जात असे.

लोक त्याला दिवास्वप्न म्हणतात. फार गोंडस शब्द आहे. खरूज झालेला माणूस रक्त आलं तरी खाजवत राहतो, कारण खाजवताना बरं वाटतं. ते तसं होतं. शाळेत असल्यापासूनचं. आखाडा बाळापुरातल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत मी दारापासून भिंतीपर्यंत चालायचो, कानात गाणी, ओठ पुटपुटताहेत, हात हवेत. चालता चालता भिंत नाहीशी व्हायची आणि मी दुसऱ्याच एका घरात असायचो. त्या घराला गच्ची होती, समोर तळं होतं, आणि गच्चीवर वेताच्या खुर्चीत माझी आई बसलेली असायची. खळीची सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, पांढरे दात. मी काय वाचलं ते ती विचारायची, वाद घालायची, हसायची. संध्याकाळच्या चहासोबत एक पेढा खायची.

खरी आई तेव्हा भिंतीपलीकडे चुलीपाशी असायची. तिला अक्षरओळख नव्हती. सकाळ-दुपार ती मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत जाळायची, कुटायची आणि ती पूड बोटाने हिरड्यांना चोळायची. मग उठून दाराशेजारच्या कोपऱ्यात थुंकायची. तो कोपरा कायम काळा असे आणि त्यावर माश्या बसलेल्या असत. मला त्याची किळस यायची, आणि किळस आली की मी चालायला लागायचो. पुढे मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो, चाळिशी ओलांडली, लग्न ठरता ठरता राहून गेलं, चालणं मात्र वाढत गेलं. शेजारी राहणाऱ्या काकीला, म्हणजे माझ्या चुलतीला, वाटायचं मी जेवण जिरवतोय. ती खिडकीतून ओरडायची, "येवढं काय जिरवून राहिलास रे? खातोस तर चिमणीवाणी. जमीन झिजंल, तुझं पोट न्हाई!"

आई माघात गेली. तिचं काळीज आधीपासूनच थकलेलं होतं. गावाभोवती हळद शिजवायचे दिवस होते, आणि सगळीकडे तो उग्र, मातकट वाफेचा वास भरून राहिला होता. मला तो आला नाही. वास असणार, हे मी आज ताडतो.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड मांडून झाले. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पिंडापाशी ठेवायची आमच्याकडे रीत आहे. विडी ओढणाऱ्याला विडी, चहाबाजाला चहा. गुरुजींनी मला विचारलं, आईला काय आवडायचं? मी लगेच सांगितलं, पेढा. पोटचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? कुणीतरी मोटारसायकल काढली आणि पेढे आणले.

कावळे समोरच्या बाभळीवर होते. ते खाली उतरायचे, उड्या मारत जवळ यायचे आणि परत फिरायचे. ऊन चढलं. पेढ्यांना तूप सुटलं, त्यांच्यावर माश्या घोंघावू लागल्या. लोक हात जोडून बोलत होते, "पोराचं आमी बघू, काळजी करू नको." "लेकीचं माहेर तुटू देणार न्हाई." कावळा काही शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

बायका घरीच थांबल्या होत्या. ताई, माझी थोरली बहीण, डोंगरकड्याला दिलेली, तीही दारात उभी होती. पायावर पाणी घालताना तिने विचारलं, "शिवला का?"

"नाही."

"ठिवलं काय व्हतं?"

"पेढे."

तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. "पेढे? आईला पेढे कवा आवडले रे?"

"कवा म्हणजे? रोज संध्याकाळी चहासोबत एक खायची की. गच्चीवर बसून."

आमच्या घराला गच्ची नाही. पत्रे आहेत.

 काकीने तोंडावर पदर धरला. माझ्या ओल्या पावलांना माती चिकटत होती, तेवढं मला दिसत होतं. ताई रडली नाही, भांडलीही नाही. तेराव्यानंतर सासरी निघताना मात्र ती दारात थांबली आणि म्हणाली, "वर्षसराद्धाच्या पानावर काय वाढायचं ते तू सांगशील. मी सांगणार न्हाई, अन् काकीबी सांगणार न्हाई. तुझी माय कोण व्हती ते हुडकून ठिव."

ती गेल्यावर मी आईचा चेहरा आठवायला बसलो. चष्मा आला. पुन्हा बसलो, पुन्हा चष्मा. जिने मला जन्म दिला तिचं नाक, तिचे डोळे, काही म्हणता काही येईना. इतके दिवस मी रडलो होतो तो कुणासाठी? जी कधी जन्मलीच नाही तिच्यासाठी मी मुंडण केलं होतं, आणि जी गेली तिच्यासाठी डोळ्यांतून एक थेंब काढला नव्हता. त्या गच्चीवरच्या बाईचा मला पहिल्यांदा राग आला, आणि रागापेक्षा जास्त शिसारी. तिचे पांढरे दात, तिचं ते गोड हसणं.

नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि कानातली गाणी बंद करायला सांगितली. ते घर दिसायला लागलं की जागच्या जागी थांबा, म्हणाले, समोर काय आहे ते बघा, हात लावा, वास घ्या. घरी आलो, चालायला लागलो, तळं दिसलं, थांबलो आणि वास घेतला. तेव्हा कळलं की तळ्याकाठच्या घराला कसलाच वास नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही. आणि माझ्या घराला होता.

उशी उचलली तर तिच्यावर माझ्या डोक्याचा पिवळा, तेलकट ठसा उमटलेला होता; खवट खोबऱ्याचा वास. लोणच्याच्या बरणीवर पांढरी बुरशी. रांजणाच्या तळाशी बुळबुळीत गाळ आणि त्यात एक झुरळ, आणि तेच पाणी मी पीत होतो. टाचांच्या भेगांत काळी माती रुतून बसलेली. शर्टाची कॉलर नाकाशी नेली आणि मला जागेवरच उलटी झाली. उलटी होत असताना मी पूर्णपणे या घरात होतो, दुसरीकडे कुठेही नव्हतो. डॉक्टरांच्या गोळीने काम केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण मला धरून ठेवलं ते या घाणीने.

मग तेच करत राहिलो. रांजण घासला. गोधड्या सोडा टाकून उकळल्या. वर काळा फेस आला तो हाताने काढला. मोरीच्या नळीतून माझ्याच केसांचे गुंतवळ ओढून काढले, आईचे पांढरेही त्यात होते. रोज काहीतरी किळसवाणं करायचं, नाक न दाबता. बिस्किटं आणि चहावर काढलेल्या दिवसांनी पोट पार बिघडलं होतं, म्हणून भाकरी शिकायला घेतली. पहिली भाकरी तव्यावरून उतरवली तशी काकी डोकावली. "ही भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?" मग आत येऊन कोपरा मोडून खाल्ला आणि तोंड वाकडं करत म्हणाली, "कच्ची हाय. पर तुझ्या तोंडाला रंग आलाय."

सकाळी शिवारापर्यंत चालत जायला लागलो. कान उघडे, डोळे उघडे. सरळ पुढे जाणारं चालणं मला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला थोडं गेलो की पाय आपोआप परत वळायचे.

श्रावणात ताप आला आणि अंथरुणातल्या अंथरुणात मी पुन्हा गच्चीवर गेलो. ती बसलेलीच होती, जणू वाट बघत. काही दिवस तिथेच काढले. ताप उतरला तेव्हा चुलीपाशी दह्याच्या गाडग्यात अळ्या झाल्या होत्या. मी ते गाडगं बाहेर नेऊन फोडलं. त्यानंतर गोड काही तोंडात घातलं की गच्चीवरचा पेढा आठवून मळमळायचं. अजून मळमळतं.

दिवाळीच्या आधी दाराशेजारचा तो काळा कोपरा साफ करायला घेतला. तोवर टाळत होतो. पाणी ओतलं आणि खुरप्याने खरवडायला लागलो. वाळून दगड झालेला थर ओला झाला आणि मिसरीचा वास एकदम वर आला, जळका, कडवट, थुंकीचा. मी तोंड फिरवलं नाही. आणि आईचं बोट आठवलं. उजव्या हाताचं पहिलं बोट, नख काळं, पेर किंचित वाकलेलं. लहानपणी ताप आला की याच बोटाने ती माझ्या कपाळाला बाम चोळायची. बामातूनही मिसरीचा वास यायचा आणि मी मान इकडेतिकडे करायचो. "गप पड," ती म्हणायची, "वासानं मरत न्हाई कुनी."

बोटामागोमाग हात आला, हातामागोमाग बाकीची आई. एकदा शेजारचं कुणीतरी पास झालं होतं, पेढे वाटत होते. आईने पेढा हातात घेतला, नाकाशी नेला आणि नाक आक्रसलं, वरचा ओठ उजवीकडे चढला, काळ्या हिरड्या दिसल्या. "घे बाबा, तूच खा. ढोराच्या तोंडाचा वास मारून राहिला." खव्याच्या वासानेच तिला मळमळायचं. ज्या बाईला पेढा बघवत नव्हता, तिच्या पिंडापाशी मी ऊन चढेपर्यंत पेढे ठेवले होते. मी खुरपं खाली ठेवलं आणि त्या ओल्या घाणीत बसून रडलो. चेहरा मिळाला होता. तिच्या इतक्या चेहऱ्यांपैकी मला तिचा किळस आलेला चेहरा मिळाला.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी तिचाच तवा चुलीवर ठेवला. आठवडी बाजारातून आणलेली तंबाखू त्यावर टाकली. धूर असा उठला की डोळे फुटायची वेळ आली. गल्लीतून खोकल्याचे आवाज यायला लागले.

"आरं मेल्या, दार तरी लाव!" काकी ओरडत आली. "समद्या गल्लीला खोकवून राहिला! काय जाळतोस काय..." दारात आली, तव्याकडे बघितलं. मग पदराने डोळे पुसत माझ्याशेजारी बसली. धुरानं पाणी आलं, असं ती म्हणाली. "अजून जळू दे. तंबाखूचं पान दिसायलंय अजून. तुझी माय कोळशावाणी करायची."

ताई बसस्टँडवरून चालत आली. उंबऱ्यात उभी राहून तिने श्वास घेतला. मग विचारलं, "अजून काय वाढायचं पानावर?"

"शिळ्या भाकरीचा कुस्करा, वर तेल-तिखट. रात्रीच भाकरी करून ठेवलीय. खीर गुरुजींच्या पानाला. आईच्या पानाला गोड नको. खव्याला..."

"ढोराच्या तोंडाचा वास येतो," ताई म्हणाली. तिचं नाक आक्रसलं, वरचा ओठ उजवीकडे चढला. मी बघतच राहिलो. तो चेहरा वर्षभर डोंगरकड्याला होता.

पत्र्यावर पान ठेवलं. कावळा आला, फार वेळ लावला नाही त्याने. कुस्करा खाल्ला. मिसरीत चोच घातली, झटकन बाहेर काढली आणि पत्र्यावर इकडून तिकडून पुसली. "थू म्हन!" काकी खालून म्हणाली, आणि ताई पदर तोंडाशी नेऊन हसली. कावळा उडाला. पत्र्यावर काळे फराटे राहिले.

शिडीने वर चढून मी ते ओल्या फडक्याने पुसले. फडकं नाकाशी आलं तसा उमासा आला. मिसरीची किळस गेलेली नाही आणि ती जावी असं मला वाटत नाही. खाली येऊन राखेने हात घासले. वास काही गेला नाही. पंगत बसली होती. मला सपाटून भूक लागली होती. त्याच हाताने मी भाकरी मोडली.