डोहातली अंबाडी

देशमुखांच्या गड्यानं सुतळीत ओवलेले मेलेले मासे माझ्या गळ्यात घातले, तेव्हा चावडीपुढं सारा गाव जमला होता. भर दुपार. फुगलेल्या पोटांचं पाणी माझ्या चोळीत झिरपत होतं. पोरं हसत होती. त्यांच्या आयाही हसत होत्या, तोंडाला पदर लावून.

देशमुख माझ्या सासऱ्याला म्हणाले, "सडका माल गढीवर खपवता? डोहात जहर कालवून मासे मारता व्हय बे? आमीच कालवलं म्हणा, मंग सोडतो."

सासरा हात जोडून उभा होता. नवरा मातीकडं बघत होता.

आम्ही भोई. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो आणि या काठाला गंगथडी. राज्य निजामाचं, पण आमच्यापुरतं सरकार म्हणजे देशमुख. पाऊस सरला की गंगा आटत जाते आणि शेवटी एक डोह तेवढा उरतो. त्या डोहात आमच्यातलं कुणी जाळं टाकत नाही. ते बियाणं. पुढच्या पुराला तेच मासे गंगाभर पसरतात. घरात चूल पेटली नाही तरी हा नेम आम्ही मोडला नव्हता.

त्या साली दोराला भाव आला आणि देशमुखांनी रानच्या रान अंबाडी पेरली. कापलेल्या पेंढ्या गाड्या भरभरून आणल्या, डोहात बुडवल्या, वर दगड ठेवले. अंबाडी कुजली की सालीतून दोराचा धागा, वाख, सुटतो. पाणीही कुजतं. पण एवढ्या गाड्या आमच्या डोहात कधी पडल्या नव्हत्या.

काही दिवसांनी सकाळी मासे आपण होऊन काठाला आले. तोंडं पाण्याबाहेर. उघडझाप, उघडझाप. नवरा हरखून म्हणाला, "गंगामाईनं दिलं गं. जाळं तर टाकलंच न्हाई आपुन."

खरंच नव्हतं टाकलं. आम्ही हातांनी उचलले. मी ओटी भरून उचलले, हसत उचलले आणि गढीवर विकून आले. ते श्वासासाठी वर आले होते. माशांवर जगणाऱ्या बाईला एवढं कळू नये? माझी मलाच चीड येते. दोन दिवसांत डोह पांढरा झाला. सगळे उताणे.

आणि आता ते जहर आम्ही आमच्या तोंडानं कबूल करायचं होतं. मग दर साली डोहात अंबाडी कुजणार आणि दोष आमचा राहणार.

"म्हण की पोरी, मासे तूच इकलेस," सासरा पुटपुटला. "म्हण अन् सुटू."

मी माळ काढली नाही. तशीच नदीकडं निघाले. मागून कुणी तरी खडा मारला. कमरेइतक्या पाण्यात शिरले, अंबाडीची एक पेंढी उपसली आणि डोक्यावर घेऊन परत आले. काळं पाणी तोंडावरून ओघळत होतं. पेंढी देशमुखांपुढं टाकली. गळ्यातली माळ काढून तिच्यावर ठेवली.

"हुंगा, सरकार. दोन्हीचा वास एकच हाय. जहर तुमचं हाय."

कुणी हसलं नाही. गड्यानं माझ्या कमरेत लाथ घातली.

दिवस मावळायच्या आत आमची खोपटी मोडली. आता आम्ही पैलथडीला राहतो. नवरा खडी फोडायला जातो. सासरा माझ्या हातचं पाणी घेत नाही. मी हंडा भरायला वाकले की पाण्यात ती तोंडं दिसतात. उघडझाप, उघडझाप. ओटी रिकामी असते तरी जड होते. मला भीती वाटते पाण्याची, भोयाच्या बाईला.

एक पावसाळा गेला. पुरानं डोह धुतला. वरच्या अंगाहून बोटाएवढे मासे पुन्हा आलेत.

काल गढीच्या रानात अंबाडीची कापणी सुरू झाली. उद्या गाड्या येतील. त्यांच्या आधी मी डोहात जाणार आहे, गळ्याइतक्या पाण्यात. पेंढ्यांवर ठेवायला दगड आणतीलच. पहिला माझ्या डोक्यावर ठेवावा लागेल.