आत्याचा म्हणे तोल जातो

घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेणारी आणि पडदे शिवून देणारी माझी आत्या सायकलवरून पडता पडता वाचली, आणि आमच्या घरात एकदम सगळेच डॉक्टर झाले. सायकल एका बाजूला ओढते, मागचं चाक ब्रेकला घासतं, असं ती किती दिवस कानीकपाळी ओरडत होती. ऐकतो कोण? सायकलवाल्याने चाक गरकन फिरवलं, ते डुगडुगलं नाही, म्हणून त्याने दोष बसणाऱ्याच्या वयावर आणि तोलावर ढकलला. माझ्या वडिलांना, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाला, हे ब्रह्मवाक्य वाटलं. सायकल विकायची ठरली. रविवारी गिऱ्हाईक येणार. सायकलीविना आत्या कामाला कशी जाणार, हे कुणी विचारलंच नाही.

आत्याचा पारा चढला तो उतरेना. शनिवारी सकाळीच तिने बैठकीच्या खोलीत सायकल उलटी केली, तीही वडिलांच्या न वाचलेल्या पेपरावर. मग पडद्यांचा टेप काढून चाक आणि फ्रेम यांच्यामधली दोन्ही बाजूंची फट मोजली. चेनच्या बाजूला बोट जाईल एवढी, पलीकडे टेपही शिरेना. मी शहाणपणाने सुचवलं, स्पोक आवळून टाकू. "आधी दुखणं कुठलं ते बघू दे," ती म्हणाली. "बापासारखा निकाल देत सुटू नकोस."

तिने चाक काढलं, उलट बाजूने फिरवून परत बसवलं. चाकात खोट असती तर फटही बाजू बदलती. ती जागची हलली नाही. म्हणजे चाक बिचारं निर्दोष, वाकडी फ्रेम. आत्याने फ्रेमच्या मागच्या नळीवरून बोट फिरवलं. तिथे पोचा होता आणि पोच्यावर निळ्या रंगाचा ओरखडा.

आमच्या घरात निळी वस्तू एकच, वडिलांची स्कूटर.

वडील पेपर शोधू लागले. तो सायकलीखाली होता. शेवटी पुटपुटले की स्कूटर मागे घेताना जरासा धक्का लागला असेल.

"आणि इतके दिवस माझ्या वयाला बडवत होतास?" आत्या म्हणाली.

वडिलांनी सायकलीखालचा पेपर ओढून पाहिला.

फ्रेम सरळ करणं घरच्या पान्याचं काम नव्हे. तेव्हा आत्याने चाक पुन्हा सुलट बसवून त्यालाच मधोमध आणायचं ठरवलं. चेनच्या बाजूचे स्पोक थोडे थोडे आवळायचे, पलीकडचे तेवढेच सैल करायचे, चाक फिरवून टेप लावायचा. प्रत्येक पिळाला ती सायकलवाल्याचा उद्धार करत होती. मी मदत केली, म्हणजे मधूनमधून हुंकार भरला. दुपारपर्यंत दोन्हीकडच्या फटी सारख्या झाल्या. चाक सोडलं तर कुठेही न घासता फिरत राहिलं.

"छान झालं, ताई," वडील म्हणाले. "पण मी त्या माणसाला शब्द दिलाय गं."

"मग स्कूटर दे त्याला," आत्या टेप गुंडाळत म्हणाली. "कुणाला धडकली तेही सांग."

आणि सायकल घेऊन ती खिडक्यांची मापं घ्यायला निघून गेली.