दोन्हीकडचा पाव्हणा

माझ्या कार्डावर 'जनसंपर्क सल्लागार' असं छापलेलं आहे. घरी कोणी विचारलं की आई सांगते, "साहेब लोकायशी बोलते तो." नुसत्या बोलण्याचा पगार कसा मिळतो, हे तिला अजून पटलेलं नाही. हल्ली मलाही पटत नाही.

अकोल्याच्या आमच्या कंपनीला अमरावतीतल्या एका जुन्या भाजीबाजाराची जागा हवी होती. बाजार बायपासला न्यायचा, इथं दुकानांची इमारत उठवायची. माझ्याआधी त्यांनी पुण्याचा एक हुशार माणूस पाठवला. त्यानं महापालिकेतल्या साहेबांना पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. साहेबांनी चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

मी लॅपटॉप नेलाच नाही. विचारलं, "साहेब, सासुरवाडी कोनती?" अचलपूर निघाली. आमच्याकडे दोन माणसं भेटली की नातं सापडेपर्यंत गावांची नावं घेत राहतात, आणि ते सापडतंच. साहेबांच्या बाईसाहेब माझ्या चुलतवहिनीच्या मामेबहीण निघाल्या. झालं, मी पाव्हणा झालो, आणि पाव्हण्याला दाराबाहेर बसवत नाहीत. पुढे मी कामाचं बोलायला म्हणून कधी गेलोच नाही. मुलीच्या कॉलेजची चौकशी करायचो, सासऱ्यांच्या गुडघ्याला डॉक्टर सुचवायचो, आणि निघताना, चप्पल घालता घालता, बाजाराचा विषय काढायचो. लोकांना वाटतं, या धंद्यात पाकिटं चालतात. चालत असतील. मला कधी लागली नाहीत.

साहेब एकाच गोष्टीला अडले होते. भाजीवाल्या बाया हलायला तयार नव्हत्या, आणि त्यांना उठवून वर्तमानपत्रात फोटो यायला नको होता.

त्या बायांची पुढारी माझी मावशी, आईची चुलतबहीण. मळ्यातली मेथी आणि झेंडू घेऊन ती लग्न झाल्यापासून त्या बाजाराच्या फाटकाशी बसायची. अमरावतीत गेलो की जेवण तिच्याकडेच. एका दुपारी ती म्हणाली, "बापू, तुई साहेबाशी वळख हाय म्हनते. आमाले जागा सोडाची नाही. आमच्याकून तूच बोल."

मी कोणाचा पगार खातो हे तिला माहीत नव्हतं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं ताटात भाकर वाढली. म्हणून राहून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. भाकर नसती वाढली तरी सांगितलं नसतंच.

उलट सल्ला दिला. "मावशी, साहेबाले नुसतं नाही म्हटलं तं ते ऐकत नाहीत. काईतरी मांगा. नव्या जागेवर शेड मांगा, नळ मांगा, संडास मांगा." बोलताना मला खरंच वाटत होतं की मी तिचं भलं करतोय. या धंद्यात मी चांगला आहे तो यामुळेच. जे बोलतो ते बोलण्यापुरतं मला पटलेलं असतं.

साहेबांसमोर मावशी पढवल्याप्रमाणे बोलली. जागा सोडणार नाही, हे तिनं शेवटासाठी ठेवलं होतं. शेवटापर्यंत साहेबांनी जाऊच दिलं नाही.

"म्हणजे शेड भेटलं तर तुमाले चालते?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही. मी मान डोलावली.

"हाव," ती म्हणाली.

शेड झालं. नळही आला. गिऱ्हाईक तेवढं आलं नाही. मेथीच्या एका जुडीसाठी बायपासला कोण जातं? कंपनीनं अकोल्यात शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. शाल आईची आल्यागेल्याला दाखवून झाली.

मागच्या आठवड्यात मावशीकडे गेलो. शेडमध्ये तिच्या पोत्यावर बसलो. दुपार झाली तरी झेंडूची टोपली भरलेलीच होती. तिनं माझ्या पिशवीत मेथी कोंबली. पैसे काढले तर हात झटकला. म्हणाली, "तू होता म्हनून डोक्शावर सावली तरी हाय."

मी उठलो. चप्पल घालत होतो, तेव्हा तिनं विषय काढला.

"बापू, त्या कंपनीचा मानूस कोन होता, तुले ठावूक असन. एखादखेप आन त्याले अठी. लय गोड बोलनारा असन तो. जुन्या जागेचं त्यालेच सांगून पाहू."

"पायतो, मावशी," मी म्हणालो. साहेब लोक म्हणतात तसंच.

तिनं आणखी एक जुडी पिशवीत टाकली. "त्याले देजो," म्हणाली.