वरच्या बाईचं जॅकेट

शशिकलाबाई आमच्या घरमालकीण. मांबळममधल्या त्यांच्या दुमजली घरात खाली त्या आणि त्यांची मुलगी रम्या, वर आम्ही भाडेकरू. माझा नवरा त्र्यंबक इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात लागला म्हणून २००५ साली आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो. मालकीण मराठी आहे असं कळल्यावर मी कोण खूश झाले! पहिल्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "यावें विमलाबाई, कॉफी घेवावी." तंजावरची ती जुनी मराठी, तिला तमिळ हेल. आणि ती बोलणारी पन्नाशीची बाई समोर उभी होती जीन्समध्ये.

मी आत येऊन नवऱ्याला म्हटलं, "बाई जरा हुच्चच दिसते, डोक्याने सटकलेली." आठवडाभरात माझं मत बदललं. जीन्स पुष्कळ जणी घालतात. खरं तर बहुतेकींना जीन्सच घालते, त्या तिला नव्हे. ह्यांचं तसं नव्हतं. तरुण मुली तेव्हा कंबरेखाली घसरणाऱ्या पँटी घालायच्या. ह्यांनी त्यातली सरळ, साधी तेवढी उचलली, वर हातमागाची आखूड कुर्ती, मानेपर्यंत कापलेले केस, कानात मोठी चांदीची कुडी. भडक एका वेळी एकच गोष्ट. स्कूटीवर बसून गॉगल लावला की गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा कोळसे फुंकायचा थांबे.

पहिली जीन्स रम्यानेच दिली होती, स्वतःच्या पहिल्या पगारातून. नवरा गेल्यावर शशिकलाबाई आठ वर्षं फिक्या साड्यांत जॉर्ज टाउनच्या कचेरीत टायपिंग करत होत्या. "लेक सांगटली, अम्मा, पुरे झालें आता," हे त्या मला दहादा तरी ऐकवत. पुढे त्यांनी डेनिमचं जॅकेट घेतलं आणि त्याच्या कॉलरला आपल्या लग्नातल्या शालूचा जरीकाठ लावून घेतला. चेन्नईत जॅकेट म्हणजे स्वतःला उकडून घेणंच, पण कचेरीतल्या एसीचं निमित्त त्यांना पुरे होतं. रोज सकाळी ते खांद्यावर टाकून त्या रम्याला कंपनीच्या बसपर्यंत सोडायला जात.

मग रम्याला गिरीधरचं स्थळ आलं. त्याच कंपनीतला, पण दुसऱ्या बसने जाणारा, तंजावरकडचाच मराठी मुलगा. तो आणि त्याची आई सकवारबाई रविवारी बघायला यायचे होते. रम्या म्हणाली, "अम्मा, आज तेवढं रेशमी नेस." शशिकलाबाईंनी हौसेने हिरवं रेशमी लुगडं काढलं. रीतीप्रमाणे सोज्जी, म्हणजे आपला गोड सांजा, आणि भजी हवीत, म्हणून भजी तळायला मला खाली बोलावलं.

मी ताट घेऊन बाहेर आले, तर सकवारबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का त्या वरच्या? रोज जीन्स घालून रम्याला बसवर सोडतां त्या? मी एकदां लांबून पाहिलें होतें. आज साडी नेसलांत, तें बरें केलें."

ताट मी तसंच खाली ठेवलं. मी अशी ही गोल गरगरीत, जन्मात सलवारसुद्धा न चढवलेली! मला वाटलं आता रम्या हसेल आणि म्हणेल, अहो, ती माझी अम्मा. रम्या सोज्जीच्या वाटीकडे बघत बसली होती.

"रम्या सांगटली मला," सकवारबाई पुढे म्हणाल्या. "भाडेकरीण आहे, महाराष्ट्रांतली, तिकडे चालतें म्हणून."

मी तोंड उघडलं. शशिकलाबाईंनी माझं मनगट धरलं.

"आमा, होय, ह्याच त्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "मनाच्या चांगल्या आहेत."

पाहुणे होकार देऊन गेले. स्वयंपाकघरात मी रम्याला धारेवर धरलं. जन्मदात्या आईला भाडेकरीण करतेस? ती रडवेली झाली. "आंटी, प्लीज. त्या फार जुन्या वळणाच्या आहेत. लग्न झाल्यावर मी सांगेन ना."

शशिकलाबाईंनी एकच विचारलं, "कधींपासून?"

रम्या वाट्या गोळा करू लागली.

"कधींपासून मी वरची बाई?"

"बसमधल्या सगळ्यांना तेच ठाऊक आहे, अम्मा. पहिल्यापासून."

म्हणजे हे सकवारबाईंसाठी नव्हतंच. लेकीने दिलेली जीन्स घालून, लेकीला आवडावं म्हणून नटून ही बाई रोज सकाळी तिला सोडायला जायची, आणि पाठ वळताच लेक मैत्रिणींना सांगायची की ही आमची कोणी नाही. माझा संताप संताप झाला. त्या मात्र भज्यांची कढई घासायला बसल्या, आणि घासता घासता रडल्या. नवरा गेल्याचं सांगतानाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठी पिशवी घेऊन वर आल्या. जीन्स, कुर्त्या, जॅकेट, सगळं घडी करून भरलेलं. "तुमचेच ना हें आता. ठेवा," म्हणाल्या. मी पिशवी खाटेखाली सारली. त्या पुन्हा फिक्या साड्यांत कचेरीला जाऊ लागल्या. इस्त्रीवाल्याने मला विचारलं, "अम्माला बरं नाही का?"

लग्न थाटात झालं. सकवारबाई सगळ्यांना सांगत होत्या, विहीणबाई किती साध्या! शशिकलाबाई खाली बघून हसत होत्या. मला ते हसू बघवेना.

लग्नानंतर चार दिवसांनी रम्या माहेरी आली. नवराबायको कोडैकानलला निघाली होती. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते, खालचं सगळं ऐकू येत होतं.

"अम्मा, तिकडे थंडी असते म्हणे. तुझं ते जरीचं जॅकेट दे ना. तू आता घालत नाहीस, आणि गिरीला असलं स्टायलिश फार आवडतं."

खाली पेला ठेवल्याचा आवाज आला.

"तें माझें नोहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "वरच्या बाईचें आहे. तिला विचार."

रम्या सावकाश जिना चढून वर आली आणि माझ्या दारात उभी राहिली. जॅकेट अम्माचं म्हणून मागायचं की माझं म्हणून, ते तिला ठरवता येईना. मी तिला आत ये म्हटलं नाही.